जखमी शरीर गार पडते तेव्हा

प्रश्न : माझा धाकटा भाऊ (वय ३४) चार महिन्यांपूर्वी भर पावसात डोंगरउतारावरून घसरून पडला. नडगीचे हाड मोडून त्वचेबाहेर आले, रक्त बरेच गेले आणि मदत पोहोचेपर्यंत तो कित्येक तास ओल्या कपड्यांत पडून होता. मी सोबत होते. हलवले तर पाय आणखी बिघडेल या भीतीने मी त्याचे कपडेही बदलले नाहीत. रुग्णालयात पोहोचला तेव्हा त्याच्या शरीराचे तापमान ३३.४ अंश सेल्सिअस होते. शस्त्रक्रिया झाली, रक्त द्यावे लागले आणि सहाव्या दिवशी जखमेत पू झाला. तो संसर्ग आता आटोक्यात आहे, पण पुढच्या महिन्यात त्वचारोपण करायचे ठरले आहे. ‘गारठ्यामुळे प्रतिकारशक्ती मंदावली होती’ असे एक डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, ते माझ्या मनातून जात नाही. त्याची प्रतिकारशक्ती कायमची कमी झाली असेल का? मुका मार लागला की आपण बर्फ लावतो, मेंदूला इजा झालेल्यांना रुग्णालयात मुद्दाम थंड ठेवतात असेही वाचले आहे. मग थंडी घातक कशी? आणि पुढच्या शस्त्रक्रियेच्या वेळी आम्ही कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : आपल्या मनाला सर्वाधिक बोचणाऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. त्या दिवशीच्या गारठ्यामुळे आपल्या भावाची प्रतिकारशक्ती कायमची कमी झालेली नाही. प्रतिकारयंत्रणेचे काम मंदावते ते शरीराचे तापमान उतरलेले असेपर्यंत. ते पूर्ववत झाले की पांढऱ्या पेशींचे कामही बहुतांशी पूर्वपदावर येते. मात्र त्या मधल्या तासांत जखमेत जे घडून जाते त्याचे परिणाम पुढे कित्येक दिवस दिसत राहतात, आणि डॉक्टरांच्या बोलण्याचा रोख याकडेच असावा. मी आपल्या भावाला तपासलेले नाही, त्यामुळे त्याच्या जखमेत पू होण्यास गारठा किती, जखमेतील माती किती आणि रक्तस्राव किती कारणीभूत होता याची वाटणी मी करू शकत नाही. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही ती नेमकी करता येणार नाही. हाड बाहेर आलेल्या जखमेत संसर्गाचा धोका उबदार शरीरातही मोठाच असतो, हे आपण लक्षात ठेवावे.

आता ३३.४ या आकड्याविषयी. एरवी ३५ अंशांखाली, म्हणजे ९५ अंश फॅरनहाइटखाली, शरीराचे आतले तापमान गेले तर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. जखमींच्या बाबतीत मात्र वैद्यक अधिक कडक आहे : ३६च्या खाली उतरले की काळजी सुरू होते, ३४च्या खाली ती गंभीर होते आणि ३२च्या खाली जीव वाचण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. धडधाकट माणूस थंडीत अडकला तर त्याला हुडहुडी भरते, स्नायू भराभर आकुंचन पावून उष्णता निर्माण करतात आणि काही काळ तरी तो स्वतःला सावरून धरतो. जखमी माणसाला हे करणे जड जाते, कारण उष्णता निर्माण करायला प्राणवायू लागतो आणि तो पोहोचवणारे रक्तच वाहून गेलेले असते. म्हणून तितकीशी थंडी नसतानाही रक्तस्राव झालेला माणूस गार पडू शकतो. त्यातच ओले कपडे असतील तर उष्णता आणखी वेगाने जाते, कारण पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. जखमीचे उतरलेले तापमान हे अशा प्रकारे एकाच वेळी संकटाचे लक्षणही असते आणि संकट वाढवणारे कारणही.

गारठ्याने जखमेत नेमके काय बिघडते, हे मी थोडे विस्ताराने सांगतो, कारण पुढच्या शस्त्रक्रियेसाठी सुचवलेली सगळी काळजी यातूनच निघते. तापमान उतरू लागले की शरीर आधी हृदय, मेंदू व यकृत यांची ऊब जपते आणि त्यासाठी त्वचेतील व हातापायांतील रक्तवाहिन्या आकुंचित करते. जीव वाचवण्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे, परंतु जखम असते ती बहुधा याच भागांत. जिथे जंतू शिरलेले आहेत तिथलाच रक्तपुरवठा आटतो आणि रक्ताबरोबर येणारा प्राणवायूही कमी होतो. रक्तस्रावामुळे हे आकुंचन आधीच सुरू झालेले असते. गारठा त्यात भर घालतो.

जंतूंशी पहिला सामना करतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. एका पेशीचा प्रवास डोळ्यांसमोर आणला तर गोष्ट स्पष्ट होईल. रक्तात वाहत असलेली ही पेशी जखमेजवळ आल्यावर रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटते, भिंतीतील पेशींच्या फटीतून अंग आक्रसून बाहेर पडते, जखमी ऊतींनी आणि जंतूंनी सोडलेल्या रसायनांच्या मागावर सरपटत जाते, जंतूला वेढून गिळते आणि मग पोटात घेतलेल्या त्या जंतूवर प्राणवायूपासून तयार केलेल्या तीव्र रसायनांचा मारा करते. यांतील प्रत्येक पायरी तापमानावर अवलंबून आहे. गार झालेली पेशी सावकाश सरकते, कमी गिळते आणि तिच्यातील विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने (एन्झाइम), मंद चालतात. शेवटची पायरी, म्हणजे मारा, तर प्राणवायूशिवाय होऊच शकत नाही. जखमेत प्राणवायूचा जितका तुटवडा तितका तो मारा दुबळा. पेशी जखमेत पोहोचली, तिने जंतू गिळलाही, पण त्याला मारण्याचे साधनच तिच्या हाती उरले नाही, अशी स्थिती येऊ शकते.

न्यूट्रोफिलांच्या मागून येणाऱ्या पेशींवरही परिणाम होतो. मोनोसाइट नावाच्या पेशी जंतूचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडून इतर पेशींना सावध करतात. गारठ्यात ही मांडणी कमी होते. पेशींनी परस्परांना धाडायचे रासायनिक निरोप, म्हणजे सायटोकाइन, उशिरा आणि बेताने सुटतात. गंभीर इजेनंतर प्रतिकारयंत्रणा तशीही आधी भडकते आणि मग काही दिवस थकल्यासारखी होते; न्यूमोनियासारखे संसर्ग बहुधा या थकव्याच्या काळात गाठतात. गारठा या आधीच डळमळलेल्या व्यवस्थेवर येऊन पडतो.

यात वेळेला फार महत्त्व आहे. जंतू जखमेत शिरल्यानंतरचे पहिले काही तास निर्णायक असतात. तेवढ्या वेळात पांढऱ्या पेशींनी त्यांची संख्या आवरली तर संसर्ग बहुधा होत नाही. ती संधी हुकली तर जंतू वाढतात, ऊतींना चिकटून बसतात आणि नंतर पूर्ण ताकदीने आलेल्या पेशींनाही ते जड जातात. आपल्या भावाचे शरीर रुग्णालयात ऊब मिळून सावरले तेव्हा हे पहिले तास बरेचसे सरून गेलेले होते. म्हणूनच त्याला उबेत आणल्यावर, औषधे सुरू असतानाही, सहाव्या दिवशी पू दिसला यात विसंगती नाही.

हे सारे प्रयोगशाळेतले तर्क नाहीत. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया होणाऱ्या २०० रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला शस्त्रक्रियेदरम्यान नीट ऊब दिली, दुसऱ्याला त्या काळच्या सर्वसाधारण पद्धतीने ठेवले. शस्त्रक्रिया संपताना पहिल्या गटाचे तापमान सरासरी ३६.६ अंश होते, दुसऱ्याचे ३४.७. जखमेचा संसर्ग पहिल्या गटात ६ टक्के रुग्णांना झाला, दुसऱ्यात १९ टक्क्यांना. प्रतिजैविके दोन्ही गटांना मिळाली होती, आणि मला यातील हीच बाब सर्वांत महत्त्वाची वाटते. औषध दिले म्हणजे ऊब नसली तरी चालेल, असा समज रुग्णांच्या घरच्यांतच नव्हे तर काही उपचारकांतही असतो, तो या अभ्यासापुढे टिकत नाही. गार गटातील रुग्णांचे टाकेही सुमारे एक दिवस उशिरा काढता आले. जखम भरून येण्यासाठी जो कोलॅजनचा धागा विणला जातो त्यालाही प्राणवायू लागतो, त्यामुळे हे अपेक्षितच होते. पुढे २००१ साली हर्निया, फुगलेल्या शिरा व स्तनाच्या गाठी यांसारख्या छोट्या शस्त्रक्रियांच्या ४२१ रुग्णांवर असाच अभ्यास झाला. शस्त्रक्रियेपूर्वी किमान अर्धा तास ऊब दिलेल्यांत संसर्ग ५ टक्के आढळला, न दिलेल्यांत १४ टक्के.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. २०२२ साली पाच हजारांहून अधिक रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रियेदरम्यान काहींचे तापमान ३५.५ अंशांजवळ, तर काहींचे ३७ अंशांजवळ राखले होते, आणि जखमेच्या संसर्गात लक्षणीय फरक आढळला नाही. याचा अर्थ मी असा घेतो की ३५.५च्या वर असताना अंशाअंशासाठी जिवाचा आटापिटा करण्याची गरज नाही. परंतु हे ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांचे रुग्ण होते. त्यांचा रक्तदाब, प्राणवायू आणि प्रत्येक श्वास भूलतज्ज्ञांच्या नजरेखाली होता. रक्त गमावून ओल्या कपड्यांत ३३ अंशांवर आलेल्या जखमीला हा निष्कर्ष लावता येणार नाही.

गारठ्याचा आणखी एक मार्ग रक्तातून जातो. रक्त गोठवणारी विकरे गार शरीरात मंद चालतात, बिंबाणू, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणारे सूक्ष्म कण (प्लेटलेट), एकमेकांना नीट चिकटत नाहीत आणि रक्तस्राव लांबतो. रक्त गेल्याने ऊतींना प्राणवायू मिळत नाही, त्यांत आम्ल साचते, आम्लामुळे रक्त गोठणे आणखी बिघडते, आणि शरीर अधिकच गार पडते. गारठा, आम्लता आणि न गोठणारे रक्त या तिघांची युती आघातशल्यचिकित्सेत, म्हणजे गंभीर जखमींच्या शस्त्रक्रियांच्या शाखेत, जीवघेणी म्हणूनच ओळखली जाते. रक्तस्राव लांबला की रक्त अधिक द्यावे लागते. ते जीव वाचवते, पण परक्याचे रक्त मोठ्या प्रमाणात मिळाले की प्रतिकारयंत्रणा काही काळ दबते. शिवाय शीतकपाटातील रक्ताची एक पिशवी किंवा खोलीच्या तापमानाचे एक लिटर सलाइन न तापवता दिले, तर प्रौढाचे सरासरी तापमान सुमारे पाव अंशाने उतरते.

आता बर्फाविषयी. मुका मार लागल्यावर आपण बर्फ लावतो तो त्वचा शाबूत असलेल्या छोट्या जागेवर, थोडा वेळ, सूज आणि वेदना कमी व्हावी म्हणून. त्याने शरीराचे आतले तापमान बदलत नाही आणि तिथे जंतूंशी झुंजही चाललेली नसते. भाजल्यावर सुमारे २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली जागा धरावी हेही खरे आहे, पण त्याच वेळी उरलेले शरीर पांघरुणात ठेवावे असे लगेच सांगितले जाते, आणि मोठा भाग भाजलेल्या माणसाला किंवा लहान मुलाला तर हे विशेष लागू होते. उघड्या, रक्त वाहणाऱ्या जखमेचा माणूस सर्वांगाने गार पडणे ही सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे.

मेंदूच्या इजेबाबत आपण वाचले ते चुकीचे नाही, फक्त त्यापुढे बरेच घडून गेले आहे. मेंदूला थंड ठेवले तर त्याची प्राणवायूची गरज घटते, हा विचार पटण्यासारखा होता आणि अनेक वर्षे त्याचा पाठपुरावा झाला. पण डोक्याच्या गंभीर इजेत रुग्णांना लवकर थंड करून पाहणाऱ्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे ५०० रुग्णांच्या अभ्यासात त्याचा फायदा दिसला नाही, आणि मेंदूतील वाढता दाब उतरवण्यासाठी थंड करण्याचा २०१५चा अभ्यास तर थंड केलेल्यांची स्थिती अधिक वाईट दिसल्याने लवकर थांबवावा लागला. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या रुग्णांतही, २०२१च्या मोठ्या अभ्यासानुसार, ३३ अंशांपर्यंत थंड केल्याने ताप येऊ न देण्यापेक्षा अधिक जीव वाचले नाहीत. आपल्या प्रश्नाशी याचा थेट संबंध असा, की उपचार म्हणून थंड केलेल्या रुग्णांत न्यूमोनियाचे प्रमाण वाढते, हे अनेक अभ्यास एकत्र तपासले असता दिसून आले. यंत्रांच्या देखरेखीखाली, थरथर थांबवणारी औषधे देऊन, मोजूनमापून आणलेला थंडावासुद्धा संसर्गाची किंमत वसूल करतो.

आपण त्याचे कपडे बदलले नाहीत याची खंत आपल्या पत्राच्या ओळीओळीत जाणवते. मोडलेला पाय न हलवण्याचा आपला निर्णय योग्य होता. अशा वेळी पाय न हलवताही करता येण्यासारखे थोडेफार असते आणि ते सर्वांना ठाऊक असावे म्हणून लिहितो, आपल्याला दोष देण्यासाठी नव्हे. रक्तस्राव दाबून थांबवणे सर्वांत आधी. त्यानंतर जखमीच्या अंगाखाली जे हाताशी असेल ते घालावे, कारण जमीन वाऱ्याइतकीच उष्णता ओढून घेते आणि बहुतेक जण पांघरूण फक्त वरून घालतात. सुके काही असेल तर वरचे ओले कपडे कापून काढून ते घालावे. नसेल किंवा काढणे शक्य नसेल तर ओल्या कपड्यांवरूनच प्लास्टिकसारखे पाणी व वारा न शिरणारे आवरण गुंडाळावे आणि त्यावर पांघरूण घालावे. डोके झाकावे. गरम पाण्याची पिशवी त्वचेला थेट लावू नये, कारण रक्तपुरवठा आटलेली त्वचा चटकन भाजते. हातपाय चोळू नयेत आणि मद्य तर मुळीच देऊ नये. त्याने त्वचेतील रक्तवाहिन्या फुलून उरलीसुरली ऊब निघून जाते. आपण त्याच्याजवळ बसून राहिलात, मदत बोलावलीत आणि तो जिवंत रुग्णालयात पोहोचला. त्या पावसात एकट्या माणसाकडून याहून फार काही झाले असते असे मला वाटत नाही.

सध्या घरी त्याला खास उबेत कोंडून ठेवण्याची गरज नाही. चार महिन्यांपूर्वीचा गारठा आज त्याच्या पेशींत शिल्लक नाही, त्यामुळे ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ म्हणून विकली जाणारी औषधे त्याला देऊ नका. त्याच्या जखमेच्या हिताचे जे आहे ते साधे आहे : आहारात पुरेशी प्रथिने, पुरेशी झोप, मधुमेह असेल तर साखरेवर काटेकोर नियंत्रण. तो धूम्रपान करत असेल तर ते आजच थांबवावे, निदान शस्त्रक्रियेआधी चार आठवडे तरी. निकोटिन त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित करते, म्हणजे जे त्या दिवशी गारठ्याने केले तेच ते रोज थोडे थोडे करत असते, आणि रोपण केलेली त्वचा जगते ती खालच्या जखमेतून तिच्यात वाढणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांवरच.

शस्त्रक्रियेच्या वेळची काळजी भूलतज्ज्ञांशी आधीच बोलून ठरवा. भूल दिल्यावर पहिल्या तासात शरीराचे आतले तापमान साधारण एक ते दीड अंश उतरते. थंड खोली हे त्याचे मुख्य कारण नसते. भुलीमुळे आकुंचित रक्तवाहिन्या सैल पडतात आणि आतली ऊब हातापायांकडे पसरते. आतून बाहेर पसरलेली ही ऊब नंतर पांघरूण घालून चटकन परत आणता येत नाही, म्हणून भुलीपूर्वीच हातपाय उबदार करून ठेवणे हा सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो. गरम हवा खेळवणारे पांघरूण भुलीपूर्वी अर्धा तास तरी मिळेल का, शिरेतून दिले जाणारे द्रव कोमट करून देतात का, आणि शस्त्रक्रिया चालू असताना तापमान मोजले जाते का, हे तीन प्रश्न नम्रपणे, पण जरूर विचारा. ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या २००८ सालच्या मार्गदर्शक सूचनांत तर तातडी नसेल तेव्हा ३६ अंशांखाली तापमान असताना भूल देऊच नये असे म्हटले आहे. मागच्या वेळी तो ३३.४ अंशांवर आला होता आणि जखमेत पू झाला होता, ही नोंद भूलतज्ज्ञांना स्वतःहून द्या. नव्या रुग्णालयात जुने कागद नेहमीच वाचले जातात असे नाही. शस्त्रक्रियेआधी बाहेर थांबावे लागते तेव्हा अंगावर पातळ कपडा असतो आणि बहुतेक रुग्ण संकोचाने काही बोलत नाहीत. थंडी वाजली तर त्याने लगेच परिचारिकेला सांगावे आणि पांघरूण मागून घ्यावे, इतके त्याला आधीच बजावून ठेवा.

शस्त्रक्रियेनंतर ताप, वाढती वेदना, जखमेभोवती पसरणारी लाली, दुर्गंध किंवा पू यांवर आपले लक्ष राहीलच. त्यात एका गोष्टीची भर घाला : गंभीर संसर्गात प्रत्येकाला ताप येतोच असे नाही, काहींचे तापमान उलट उतरते आणि असे रुग्ण बहुधा अधिक आजारी असतात. काखेत धरलेला साधा तापमापक कमी तापमान नीट दाखवत नाही. जुन्या पाऱ्याच्या तापमापकाची पट्टी तर ३५ अंशांच्या आसपासच सुरू होते. तेव्हा आकड्यावर विसंबून राहू नका. अंग गार लागते आहे, तो गोंधळल्यासारखा बोलतो आहे, श्वास जलद चालला आहे किंवा लघवी कमी झाली आहे असे दिसले, तर ताप नाही म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. त्याच वेळी त्याला रुग्णालयात घेऊन जा.